सर्जेरावाचं काकवीचं बोट

मंडळी, ऐका! आजचा प्रश्न सोपा आहे, म्हणून उत्तराची घाई करू नका. ज्याच्यावर आपला जीव जडलाय, त्याला कुठं दुखतंय हे आपल्याला कळतं का?

थांबा, थांबा! मागच्या रांगेत चार माना लगेच डोलल्या, मी इथून बघितल्या. "कळतं की महाराज, न कळायला काय झालं? आमचंच लेकरू!" असंच म्हणताय ना? बरं. मग एक सांगा. त्या लेकराचं तोंड तुम्ही शेवटचं कधी उघडून बघितलंत? पापा घेताना नव्हे हो. आत वाकून, उजेडाकडं वळवून, दाढांपर्यंत!

नाही ना? मग आधी गोकुळात जाऊन येऊ. बाळकृष्णानं माती खाल्ली. पोरांनी येऊन चहाडी केली. यशोदामाई म्हणाली, "तोंड उघड." त्यानं उघडलं आणि आत काय दिसलं? अख्खं विश्व! हे आपण लहानपणापासून ऐकतोय आणि हात जोडतोय. पण मला त्यात दुसरंच आवडतं. हातातली रवी बाजूला टाकून ती माउली वाकली. "काय होतंय, पोरांना सवयच असते" असं म्हणून ताक घुसळत नाही बसली. वाकली म्हणून दिसलं.

आमचे पेटीवाले नरहरपंत गालात हसतायत. त्यांचं बरं आहे, त्यांचे दात रोज रात्री वाटीत पाणी पिऊन झोपतात. पंत, सूर धरा. आख्यान सुरू करतो.

कोल्हापूरच्या अंगाला एक गाव आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या वर्षी मला तिथला गूळ मिळायचा नाही. गावात सर्जेराव म्हणून एक गुळव्या. गुळव्या म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळत असतो, भली मोठी कढई ती, तिच्यात माणूस आडवा झोपेल! तो रस काहिलीत कधी ढवळायचा, मळी कधी काढायची आणि पाक झाला रे झाला की काहील कोणत्या क्षणी उतरवायची, हे ज्याला कळतं तो गुळव्या. जरा लवकर उतरली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. सर्जेराव नुसत्या बुडबुड्यांकडं बघून सांगायचा. लांबच्या गावची माणसं त्याला बोलवायला यायची.

अशा या सर्जेरावाला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी एक मुलगी झाली. राजलक्ष्मी. घरातली राजी. पाच वर्षांची. बाप तिच्यावर एवढा लुब्ध की विचारू नका. दिवसभर काहिलीखालच्या चुलाणाच्या धगीत उभा राहिलेला माणूस संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायचा, राजीला मांडीवर घ्यायचा, आणि वाटीतल्या काकवीत बोट बुडवून तिच्या तोंडात द्यायचा. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधीचा तो पातळ, तांबूस पाक. पोरगी ते बोट चोखत चोखत झोपी जायची. बोट काढलं की कुरकुरायची, की हा पुन्हा बुडवायचा. अगदी तान्ही होती तेव्हापासूनचा हा नेम. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना कौतुक. "लेक असावी तर सर्जाची, गुळावर वाढलीय!"

तोंडाला पाणी सुटलं ना? मलाही सुटलं. पुढं ऐका म्हणजे आटेल.

राजी आधी मोठी हसरी होती. सर्जेराव तिला एक नक्कल करून दाखवायचा. गुऱ्हाळावरचं जुनं इंजिन सुरू होताना कसं खोकतं, कसं गुरगुरतं, कसं बंद पडतं आणि मालक त्याला कसा शिव्या घालतो. घर्रर्र... फट्... घर्रर्र... फट्! पोरगी लोळायची हसून. पोट धरायची. "पुन्ना करा आप्पा, पुन्ना." चुलाणाची सगळी धग त्या हसण्यानं उतरायची बघा त्याची.

आणि मग ते हसू बंद झालं. एकदम नाही, हळूहळू. आधी नुसतं तोंड मिटून हसायला लागली. मग ओठांवर हात ठेवून. मग तेही नाही. इंजिन खोकायचं, गुरगुरायचं, आणि पोरगी बापाकडं नुसती बघत राहायची. बोलणं कमी झालं. जेवायला बसली की भाकरी दुधात कुस्करून लगदा करायची आणि तेही गालात धरून बसायची. आई, वैजयंता, पदर खोचून समोर. "गीळ. गीळ म्हंते न्हवं." पोरगी गिळायची नाही.

आता घर म्हटलं की मतं आलीच. वैजयंता म्हणाली, "तुमी लाडावून ठेवलीसा, दुसरं काय न्हाई." चुलती म्हणाली, नजर लागली. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला, राजी होती तशीच. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "मुलगी बोलत नाही, उत्तर देत नाही. यंदा पहिलीला घालू नका. एक वर्ष थांबूया." आणि शेजारणी आपसांत एक शब्द बोलल्या, तो सर्जेरावाच्या कानावर पडला. घुमी. सर्जाची लेक घुमी निघाली.

मंडळी, बापाला तो शब्द किती लागला असेल! त्याला दुसरं काही नको होतं. पोरगी हुशार नसू दे, गोरी नसू दे, फक्त ते हसू त्याला परत पाहिजे होतं. रोज येऊन तो इंजिन सुरू करायचा. आणि ती हसली नाही की वाईट वाटून काकवीची वाटी जवळ ओढायचा. बोट बुडवायचा. निदान तेवढ्यापुरता तरी तिचा चेहरा खुलतोय म्हणून.

आणि दात? पुढचे दोन दात काळे पडलेले सगळ्यांना दिसत होते की! आईला दिसत होते, चुलतीला दिसत होते. पण एक वाक्य आहे आपल्याकडं, घराघरांत ठेवलेलं असतं. तुम्हीच म्हणा. म्हणा! "दुधाचे दात हायत, पडणारच हायत." बघा, सगळ्यांना पाठ! हरिपाठ पाठ नाही, हे पाठ आहे. दाढदुखीचं म्हणाल, तर सर्जेरावाचं एकच उत्तर असायचं. "आमच्या राजीला कसला तरास? एका शब्दानं तक्रार न्हाई पोरीची."

तक्रार नाही. हे ध्यानात ठेवा.

एके दिवशी दुपारी काय झालं? राजीची चुलत बहीण तेजू, दोन वर्षांनी मोठी, अंगणात ऊस सोलत बसली होती. दातानं सोलत होती बरं का, विळ्यानं नव्हे. कट्ट करून तिचा पुढचा दात उसात राहिला. अहाहा, काय सोहळा! सगळी पोरं गोळा झाली. दात धुतला, सूर्याला दाखवला. मग तेजूनं डोळे मिटून, उंदीरमामाकडं त्याच्यासारखा बारीक, तीक्ष्ण नवा दात मागितला आणि जुना भिरकावला कौलावर. टाळ्या! सर्जेराव त्या दिवशी घरी होता, काहिलीच्या बुडाला ठिगळ लावायचं काम निघाल्यामुळं गुऱ्हाळ बंद होतं. ओट्यावर बसून तो बघत होता. आणि त्यानं बघितलं, की राजी टाळ्या वाजवतेय. किती महिन्यांनी पोरीचे डोळे चमकत होते.

ती धावत आली, बापाच्या सदऱ्याला धरून म्हणाली, "आप्पा, माजं कवा टाकायचं?"

"पडलं की टाकू."

"सगळं एकदम टाकूया."

सर्जेराव हसला. "सगळं? अगं मग बोळकी म्हातारी होशील. कशापायी सगळं?"

"नवं येत्यात न्हवं. मग दुखायचं थांबतंय."

"काय दुखायचं?"

राजीनं त्याच्याकडं असं बघितलं, की एवढा मोठा माणूस आणि हे कसं ठाऊक नाही याला. म्हणाली, "दात. खाताना दुखत्यात त्ये. सगळ्यांचंच दुखत्यात की. ल्हान पोरांचं. मोठ्या माणसांचं नवं असत्यात, म्हणून ती चावून खात्यात. आता तेजूचा एक झाला."

पंत, पेटी थांबवा. हे पुन्हा सांगतो.

त्या पोरीला वाटत होतं, की सगळ्याच लहान मुलांचे दात दुखतात! खाणं म्हणजे दुखणं. आठवतंय तेव्हापासून बघितलेलंच नाही ना दुसरं. दुसऱ्याचं तोंड कुठं असतं आपल्याजवळ, ताडून बघायला? सूर्य उगवतो, कोंबडा आरवतो, दात दुखतात. त्याची तक्रार कशी करायची? तुम्ही कधी तक्रार केलीत का, की पाणी ओलं आहे म्हणून?

सर्जेरावानं तिला जवळ ओढलं. "मला सांगितलं का न्हाईस, बाळा?"

"काय सांगू?" राजी म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

तेव्हा तो गुळव्या ओट्यावरून खाली उतरला. लेकीसमोर उकिडवा बसला. तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं वळवलं आणि म्हणाला, "तोंड उघड."

आलं ना ध्यानात, कुठं ऐकलंय हे? त्या माउलीला आत विश्व दिसलं. याला काय दिसलं? पुढचे दात काळे होते, ते माहीतच होतं. पण आत दाढेला हरभऱ्याएवढा खड्डा, दुसऱ्या दाढेच्या मुळाशी हिरडी फुगलेली, वर पांढरा फोड. आयुष्यभर काहिलीत डोकावून बघणारा माणूस, लेकीच्या तोंडात पहिल्यांदा डोकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको आणि राजी, तिघं तालुक्याला. तिथं मुलांच्या दातांच्या डॉक्टर आहेत, मुजावर बाई. दातांच्या डॉक्टर म्हटल्यावर घाबरू नका, बाई गोड आहेत. बाईंच्या टेबलावर तीन चेंडू. एका चेंडूवर हसरं तोंड काढलेलं, एकावर गप्प तोंड, एकावर रडकं. सर्जेरावाला वाटलं पोरांच्या खेळण्यातले असतील. बाईंनी राजीला बाहेर मासे बघायला पाठवलं, तिथं काचेच्या पेटीत मासे होते, आणि चेंडू बापापुढं ठेवले.

"मी विचारीन, तुम्ही राजीचा चेंडू उचलायचा. खाताना?"

त्यानं रडका उचलला. कालच कळलं होतं.

"झोपताना?"

हसरा उचलला. "झोप झक्कास. मी सवता झोपवतोय."

"बोलताना?"

त्यानं गप्प चेंडू उचलला. "मुळातच कमी बोलती. सोभाव."

"हसताना?"

इथं त्याचा हात थांबला. मग म्हणाला, "हसत न्हाई ती. रुसलीय आमच्यावर." आणि पुन्हा गप्प चेंडूच उचलला.

मग राजीला आत बोलावलं. तेच चेंडू, तेच प्रश्न. खाताना? रडका. झोपताना? पुन्हा रडका! सर्जेराव चमकला. "ठणकतंय," राजी म्हणाली, "मग मी उशी चावून धरती. आप्पा दमलेलं असत्यात." बोलताना? रडका. "जीभ लागती." हसताना? तिनं रडका चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाली, "तोंड उघडलं की वारा लागतोय."

बघा मंडळी! बापाला वाटत होतं पोरगी रुसली. तिला वारा लागत होता! एका दाढेतल्या खड्ड्यात काय काय पडलं होतं? जेवण पडलं, झोप पडली, बोलणं पडलं, बालवाडी पडली आणि हसू पडलं. पाच वर्षांच्या जिवाला आणखी कोणतं विश्व असतं हो? सगळं तिथंच होतं, तोंडात. फक्त कुणी वाकलं नव्हतं.

वैजयंता पुढं आली. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "घास गालात धरती म्हणून मी तिला मारलं हो, डॉक्टर." बाई म्हणाल्या, "ताई, तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं." एवढंच. दुसरी एखादी असती तर तासभर सुनावलं असतं. मी तर नक्की सुनावलं असतं!

शेवटी बाईंनी विचारलं, "रात्री झोपताना काही गोड देता का हिला?"

सर्जेराव मोठ्या उत्साहानं सांगायला लागला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. काकवीची वाटी. बोट. झोप लागेपर्यंत.

"दादा, तुमची काहील गूळ काढल्यावर न धुता रात्रभर ठेवली तर?"

"छ्या. चिकटून कडक होतंय. सकाळी खरवडावं लागतंय."

"पोरीचं तोंड पाच वर्षं न धुता ठेवलंत."

तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "पर ती दुधाचीच दातं न्हवं? पडणारी?"

"पुढचे लवकर पडतील. पण दाढा आणखी पाच-सहा वर्षं तिला पुरवायच्यात. आणि हे दात नव्या दातांची जागा धरून बसलेले असतात. जागा सोडली की नवे वेडेवाकडे येतात. काकवी दिवसा द्या, जेवणाबरोबर, वर चूळ भरायला लावा. झोपताना दात घासले की पाण्याशिवाय काही नाही."

आणि मग बाईंनी राजीलाच विचारलं, "आप्पांनी काकवीचं बोट दिलं की कसं वाटतं?" पोरीनं काय करावं? हसरा चेंडू झटकन उचलला आणि झग्याखाली लपवला! परत देईना. ओढला तरी सोडेना. तिथं सर्जेराव रडला, बायकोसमोर, परक्या बाईसमोर, ढसाढसा. सगळ्या दिवसात पोरीचं एकच सुख, आणि तेच तिला पोखरत होतं. आणि ते त्यानं दिलं होतं, स्वतःच्या बोटानं, जीव लावून.

आता उपाय तर झाले. एक दाढ काढावी लागली, बाकीच्या साफ करून भरल्या, दोन दाढांवर चांदीसारख्या टोप्या बसवल्या. राजी भ्यायली, एकदा बाईंना चावलीसुद्धा! बाई म्हणाल्या, "चावली? छान, म्हणजे चावता येतंय." चार फेऱ्यांत काम झालं. दुखणं गेलं. पण पोरगी हसेना. सवय झाली होती ना, तोंड मिटून ठेवायची. दुखणं गेलंय हे दाताला कळलं होतं, जिवाला कळलं नव्हतं.

आणि रोज संध्याकाळी नवा तंटा. मांडी तीच, बाप तोच, पण बोट कुठाय? वाटी कुठाय? राजी मांडीवर बसून रुसायची, ब्रश दिसला की ओठ घट्ट. वैजयंता म्हणाली, "द्या थोडी आज. एक दिस काय हुतंय." सर्जेरावाचं मन पाघळलं. उठला, वाटीपर्यंत गेला. वाटी हातात घेतली. तुम्ही असता तर काय केलं असतं? मला सांगू नका, मला ठाऊक आहे!

त्यानं वाटी फळीवर परत ठेवली. ब्रश घेऊन आला, मांडी घातली, लेकीला घेतलं. आणि ब्रश हातात उभा धरून इंजिन सुरू केलं. घर्रर्र... फट्. राजी बघत राहिली. घर्रर्र... फट्. "इंजिन बंद पडलं की," तो म्हणाला, "आत ऊस अडकलाय वाटतं. मालक, चरकाचं दार उघडा जरा." पोरीनं दार इवलंसं उघडलं. ब्रश आत गेला, घर्रर्र सुरू झालं, खालून, वरून, मागच्या दाढेपर्यंत. मध्येच इंजिन खोकलं. मालक शिव्या घालायला लागला. आणि मंडळी, पोरगी फिस्सकन हसली! सगळा फेस बापाच्या तोंडावर, मिशांवर, नाकावर! तोंड हे एवढं उघडं, टोप्या चमकतायत, दाराकडून गार वारा येतोय.

आणि हसता हसता ती थांबली. गालावर हात गेला. डोळे मोठे. दुखण्याची वाट बघत बसली.

सर्जेरावानं ब्रश खाली ठेवला. "काय झालं गं?"

"आप्पा, वारा लागला."

"दुखलं?"

राजीनं दाढांवरून जीभ फिरवून बघितली. "न्हाई."

मग तिनं पुन्हा तोंड उघडलं, मुद्दाम. वारा आत ओढला, हूऽऽ. काही नाही! पुन्हा, हूऽऽ. आणि मग जी हसायला लागली, किती महिन्यांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर पडलं म्हणा ना. वैजयंता चुलीपुढून पिठाच्या हातानं धावत आली. चुलती शेजारून आली, "काय झालं, काय झालं?" काही नाही हो, सर्जाचं इंजिन चालू झालं!

गुऱ्हाळाची शेवटची काहील उतरली त्या दिवशी राजी उसाच्या पाचटावर बसून भाजलेल्या शेंगा खात होती, दोन्ही बाजूंनी चावून, आणि शेंगेगणिक बडबडत होती. वैजयंता तिला म्हणाली, "गप्प बस गं जरा, कान किटले," आणि स्वतःच डोळे पुसायला लागली. जूनमध्ये पोरगी पहिलीला गेली. पहिल्या आठवड्यात तिथल्या बाईंचा निरोप आला, की हिला गप्प कसं बसवायचं ते तेवढं सांगा. तो निरोप सर्जेरावानं गावभर ऐकवला, पारावर थांबून थांबून.

आणि ते काकवीचं बोट? आहे की. रोज संध्याकाळी ब्रश झाला की त्याच बोटानं तो लेकीची एकेक दाढ चाचपून बघतो. राजी ते बोट हळूच चावते. तो खोटं खोटं ओरडतो. मग ती झोपते.

संपलं आख्यान. आता माझा मोर्चा तुमच्याकडं! तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठं काकवी आहे? नसू दे. दुधाची गोड बाटली आहे ना? खिशातलं चॉकलेट आहे ना, रडला की द्यायचं? आणि दुसऱ्याच्या वतीनं हसरा चेंडू उचलायची सवय तर सगळ्यांनाच आहे. "आमचा बंड्या मजेत असतो." कुणी विचारलं बंड्याला? "आमच्या म्हातारीला काही होत नाही, ती बोलतच नाही." का बोलत नाही, हे वाकून बघितलंत?

आज घरी गेलात की दिव्याखाली लेकराला बसवा. "दुखतंय का" एवढंच विचारू नका, ते "नाही" म्हणेल, त्याला ठाऊकच नसेल. खाताना कसं वाटतं विचारा, झोपताना, हसताना विचारा. आणि तोंड उघडायला सांगून बघा. यशोदामाईनं केलं तेवढंच करायचंय, जास्त काही नाही.

बाहेर पेढ्याचा प्रसाद आहे. मुलांना द्या, मी नको म्हणणार नाही, मीही दोन घेणार आहे. शेजारी पाण्याचा पिंप ठेवायला लावलाय, चूळ भरल्याशिवाय कुणी चपला घालायच्या नाहीत. आणि आता त्या गोकुळच्या बाळाचा गजर करू. ओठांतल्या ओठांत नको, तोंड उघडून! शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या दाढा मला इथून दिसल्या पाहिजेत. पंत, तुम्ही जपून, तुमचे पेटीवर पडायचे. हं, बोला!